अकरावा गोळा

सर्व मराठी वाचकांना, आणि गाडी दुरुस्तीला टाकून मेकॅनिकच्या तोंडाकडे बघत ज्यांनी दिवस काढले आहेत अशा दुःखी जिवांना विशेषकरून, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की हरिश्चंद्र तांडेल, मूळ मुक्काम देवगडच्या बाजूचं एक बंदर, हल्ली मुक्काम अजमान, व्यवसाय इंजिन मेकॅनिक, यांनी उभ्या आयुष्यात 'चालेल' हा शब्द एकदा उच्चारला. एकदाच. मंदीच्या पहिल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, वाळूत उभं राहून. त्या वेळी ऐकू येण्याजोग्या अंतरावर मराठी कळणारा मी एकटा होतो, त्यामुळे इतिहासाची जबाबदारी माझ्या डोक्यावर आली. शक्य असेल तर वाचकांनी बसून घ्यावं.

यात गंभीर ते काय, असं तुम्ही म्हणाल. कारण तुम्ही आज सकाळपासून हा शब्द दहा वेळा वापरला असेल. चहात साखर कमी आहे, चालेल. नळ थोडा गळतो, चालेल. मीही पुणेकर असून तो भरपूर वापरतो. तांडेलमामांसमोर मात्र एकदाच वापरला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून गेलो होतो.

आमची ओळख तेजीतली. मी एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होतो आणि शारजात रोल्लाला राहत होतो. गाडीला एक आवाज लागला होता. ब्रेक मारला की टक्, वळलं की टक् टक्. तीन गराजांनी तीन पार्ट बदलले, आवाज होता तिथंच. शेवटी शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "दुबईत रास अल खोरला एक कोकणी मेस्त्री आहे. माणूस तिरसट आहे, पण कान चांगला आहे."

जुन्या गाड्यांच्या बाजारामागं पत्र्याची एक शेड होती. आतून एक काटकुळे, काळेसावळे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आले. चष्मा सुतळीनं मानेला बांधलेला. हातात पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही. हातात डवली होती. डवली म्हणजे नारळाच्या करवंटीला लाकडी दांडा लावून केलेला वाढायचा डाव. कोकणात तिनं आमटी वाढतात. मामांनी दांड्याचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, करवंटी कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय करतास तुमी?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"इंजिनियर आहे."

"खयचे?"

"सिव्हिल."

"म्हंजे सिमेंटचे," ते म्हणाले आणि डवली दुसरीकडे टेकवली. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "इंजिनाचा काय्येक नाय. डिकी उघडा."

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पितळी खलबत्ता निघाला. उन्हाळ्यात पुण्याहून आला होता. बायकोनं मला तो वर आणायला सांगितला होता आणि मी "आणतो" म्हटलं होतं. मामांनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ह्येचो खयचो पार्ट बदलूचो आसा?"

मागं वायरिंगचं काम करणारा कुट्टन नावाचा मल्याळी इलेक्ट्रिशियन होता. तो हसून हसून एका टायरवर बसला. त्या दिवसापासून मी त्या शेडमध्ये काही ना काही निमित्त काढून जायला लागलो.

मामा इथं येण्यापूर्वी वीस वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळत होते. त्यांचं सगळं शास्त्र तिथून आलं होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "इंजिन बंद पडला तर तुमी काय करतास?"

"गाडी बाजूला घेतो."

"समुद्रात बाजू खय आसा?"

त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक गाडीखाली बारा वाव खोल पाणी होतं. शेख झायेद रोडवर सुद्धा.

तेजीत लोकांना घाई फार. एकदा टाय लावलेला एक मॅनेजर आला. दुपारी अबुधाबीला मीटिंग, गाडी गरम होते आहे. म्हणाला, "मेस्त्री, पूरा मत करो. अबुधाबी तक चले, बस." मामांनी हातातला पाना फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली. म्हणाले, "अबुधाबी तक का इंजिन हमको नहीं आता. हमको पूरा इंजिन आता है." मॅनेजरनं कुट्टनकडे बघितलं, कुट्टननं आकाशाकडे. शेवटी तो टॅक्सीनं गेला. संध्याकाळी गाडी तयार होती आणि तिच्या रेडिएटरमधून निघालेला गाळ मामांनी एका बाटलीत भरून सीटवर ठेवला होता.

मग मंदी आली. कशी आली ते तुम्ही वाचलं असेल. आम्हाला ती आवाजावरून कळली. रास अल खोरला दिवसभर हातोड्यांचा, ग्राइंडरचा आवाज असायचा, तो एकेका शेडमधून कमी होत गेला. माझ्या कंपनीनं मला बिनपगारी रजेवर पाठवलं आणि मी रोज सकाळी ऑफिसच्या वेळेला शेडमध्ये येऊन, कुठल्यातरी गाडीतून काढलेल्या सीटवर बसायला लागलो. एक गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला टाकून मायदेशी निघून गेलं, फोन बंद. मामांनी त्या गाडीचं काम पूर्ण केलं. दर शनिवारी ते ती चालू करत, दहा मिनिटं डवली लावून ऐकत आणि बंद करत. मी म्हटलं, "मामा, तो येणार नाही आता." ते म्हणाले, "तो नाय येवचो. इंजिनाचा काय चुकला?"

आता अरबाब सालेम. शेडचा मालक, मामांच्या आणि कुट्टनच्या व्हिसाचा स्पॉन्सर. पस्तिशीचा, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, मन मोकळं आणि हात जड. या माणसाला कुठलीही गोष्ट हळू बंद करता येत नसे. दार, ड्रॉवर, चहाच्या थर्मासचं झाकण, सगळं धाडकन. तो आला हे आम्हाला तो दिसण्याआधी कळायचं.

तेजीच्या अगदी शेवटच्या उन्हाळ्यात सालेमनं नवीकोरी पिकअप घेतली होती. शुक्रवारी वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चढवायचा इथल्या मंडळींना नाद आहे. त्या नादात त्यानं सहा महिन्यांत तिचं इंजिन जाळलं. नवं इंजिन घ्यायची ऐपत तेव्हा कुणाचीच नव्हती. पण ढैद गावातल्या शेतावर त्याच्या वारलेल्या बापाची जुनी अमेरिकन पिकअप पडून होती. पत्रा गंजून जाळी झालेला, इंजिन मात्र शाबूत. आठ सिलिंडरचं, सात लिटरच्या वरचं, दोन माणसांनी मिठी मारली तरी पुरं पडणार नाही असं धूड. सालेमला वाटलं, बापाचं हृदय आपल्या गाडीत घालावं.

एवढंच असतं तर गंमत होती. पण शेड बापाची होती आणि भाऊ तीन. थोरल्या राशिदला ती पाण्याच्या बाटल्यांच्या एका व्यापाऱ्याला गोदाम म्हणून द्यायची होती. सालेम नाही म्हणत होता. शेवटी राशिदनं सगळ्यांसमोर तोडगा काढला. "बाबांचं इंजिन ढैदकडच्या लाल टेकडीवर एका दमात चढायचं. तुझ्या लोकांनी ते नव्या गाडीत बसवून पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिथवर चढवलं, आणि काही मोडलं-बिघडलं नाही, तर शेड तुझी. नाहीतर शनिवारी सकाळी बाटल्या येतील. खलास."

शेड गेली की धंद्याचं लायसन्स गेलं, लायसन्स गेलं की व्हिसा. मामांचं वय तेव्हा छप्पन्न. त्या दिवसांत तिशीतल्या पोरांना कुणी उभं करत नव्हतं. धाकटी मुलगी गावाकडे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे मला मामांनी नाही, कुट्टननं सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून.

मामांना सालेमनं विचारलं, "उस्ताद, होगा?"

मामा नव्या गाडीच्या रिकाम्या पोटात वाकून बघत होते. डोकं बाहेर न काढताच म्हणाले, "इंजिन बड़ा है. घर छोटा है. देखेगा."

सत्तावीस दिवस मिळाले होते. पहिले नऊ दिवस कुट्टनचे गेले. नव्या गाडीत पावलोपावली कॉम्प्युटर आणि जुनं इंजिन असं, की त्यानं कॉम्प्युटरचं नावही ऐकलेलं नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे पेटायचे. कुट्टन म्हणाला, "मामा, ये कंप्यूटर पुराना इंजिन को नहीं मानेगा." मामा म्हणाले, "तेका कोण विचारता?" दोन दिवस डोकेफोड करून कुट्टननं दिव्यांवर काळी टेप लावली आणि म्हणाला, बघा, विझले. मामांनी टेप सोलून काढली, गोळी करून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि त्याला पुन्हा गाडीखाली पाठवलं. नवव्या दिवशी दिवे खरे विझले. शिवाय मामांच्या सांगण्यावरून त्यानं डाव्या-उजव्या सीटच्या मधोमध एक साधा खटका बसवला. तो पाडला की इंजिन जागच्या जागी बंद.

इंजिन बसवायचा दिवस मला अजून आठवतो. चेन पुलीवर ते धूड लटकलं होतं. मामा गाडीच्या पोटात उभे, हात इंजिनाखाली, आणि कुजबुजत्या आवाजात सांगत होते, "एक कडी. थांब. आनी एक. थांब." कुट्टन साखळी सोडत होता. मला काम दिलं होतं बोलायचं नाही, हे. वीत, चार बोटं, दोन बोटं. एवढ्यात सालेम आला आणि सवयीनं गाडीचं दार लावलं. धाडकन! शेड हादरली, इंजिन झोकांडलं आणि मामांच्या कोपराला घासून पुन्हा जागेवर आलं. कुट्टन पांढराफटक. मामांनी मान वर केली, सालेमकडे बघितलं आणि म्हणाले, "अरबाब, दरवाज़ा दुश्मन नहीं है." मग पुन्हा कुजबुज, "आनी एक कडी."

सालेमनं त्यानंतर आठवडाभर गाडी दूर उभी करून चालत यायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता हो.

इंजिन बसलं. प्रश्न राहिला उंचीचा. नव्या गाडीचं बोनेट पुढं उतरतं, जुनं इंजिन उंच. बोनेट लागलं आणि आत कुठं टेकलं तर टेकडीच्या दणक्यांनी काहीतरी फुटणार. बोनेट बंद असताना आत बघता तर येत नाही. यावर मामांचा ट्रॉलरवरचा उपाय होता: कणीक.

गुरुवारी दुपारी त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. त्यांचे हात मूळचे कुठल्या रंगाचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. परातीत गव्हाचं पीठ, थोडं तेल, घट्ट मळून मोठ्या सुपारीएवढे गोळे केले. अकरा. इंजिनावरच्या उंच जागी एकेक ठेवत गेले आणि ठेवताना मोठ्यानं मोजत गेले. बोनेट हळूच खाली आणायचं, हळूच उचलायचं, आणि चेपलेला गोळा किती जाड उरला ते बघायचं. तेवढी जागा आहे. मग गोळे परत मोजून काढायचे. ऑपरेशननंतर डॉक्टर कापूस मोजतात तसे.

"कणीक इंजिनात ऱ्हवली की तिचो दगड होता," त्यांनी मला समजावलं. "आनी दगड खय जायत, सांगाक येणा नाय."

अकरावा गोळा ठेवून ते मागं सरले आणि हात पुसायला वळले. सालेम दोन तास गप्प उभा होता, सुधारलेल्या माणसासारखा. त्याला वाटलं आपणही हातभार लावावा. "यल्ला!" असं म्हणून त्यानं बोनेट धरलं आणि आम्ही कुणी ओरडायच्या आत आपटलं.

कुट्टननं कानांवरचे हात हळूच काढले.

मामांनी बोनेट उघडलं. गोळे चेपले होते, जागा सगळीकडे पुरेशी होती. अर्धं बोट, पाऊण बोट. ते एकेक काढून परातीत ठेवू लागले. "...आठ, नव, धा." हात थांबला. पुन्हा मोजले. दहा.

"एक गोळो कमी आसा."

मग सुरू झाला शोध. कुट्टन गाडीखाली, मी शेडच्या कोपऱ्यांत, मामा बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा घेऊन इंजिनात. हवेचा फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या घशात बघितलं, पंख्यामागं बघितलं. कुट्टन म्हणाला, शेडमधल्या मांजरानं खाल्ला असेल. मामांनी विचारलं, "तू बघलंस?" तो म्हणाला नाही. "मग खाल्ल्यान नाय." अंधार पडला तेव्हा सालेमनं आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "उस्ताद, कल सुबह रिकवरी आएगा, गाड़ी लेके जाएगा. एक खुब्ज का टुकड़ा के लिए मेरा भाई लोग को मैं क्या बोलेगा?" खुब्ज म्हणजे पाव. आवाज चढा होता, पण नजर बोनेटकडे नव्हती.

शुक्रवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी आम्ही उभे. रिकव्हरीच्या ट्रकवरून पिकअप उतरवलेली, कुट्टन ट्रकपाशी साखळ्या गुंडाळत. राशिद आणि मधला भाऊ गालिचा अंथरून, थर्मासमधला कहावा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसलेले. लाल टेकडी समोर. वर माथ्याला वाळू सुरीच्या धारेसारखी आणि पलीकडे एकदम कडा. मी एस्टिमेटर, बघता क्षणी मोजला: चार मजले, तळमजला धरून.

मामा पुन्हा बोनेटमध्ये डोकं घालून होते. हात मागे-पुढे, आरसा, बॅटरी. नाही.

राशिदनं घड्याळ बघितलं. सालेम मामांच्या जवळ आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद. आज नहीं तो खलास. तुम भी खलास, मैं भी."

मामा उभे राहिले. चष्मा काढून पुसला, घातला. समुद्राकडे बघावं तसे त्या टेकडीकडे बघत राहिले. मी त्यांच्या बाजूला होतो. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि मग तो शब्द आला, त्यांच्या बोलीत, इतका बारीक की मला आधी खरं वाटेना.

"चलात."

म्हणजे चालेल. सांगितलं होतं ना, बसून घ्या म्हणून.

लगेच त्यांनी दोन अटी घातल्या. सालेम चालवेल, पण बाजूला मामा बसतील आणि खटक्यावर त्यांचा हात राहील. आणि मला एक लाल फडकं देऊन म्हणाले, "इंजिनियरांनू, वर जावा. जय वाळू संपता थय उभे ऱ्हवा. आमका खालसून धार दिसाची नाय."

म्हणजे मी कड्याच्या टोकाला उभं राहायचं आणि समोरून सात लिटरचं इंजिन अंगावर येऊ द्यायचं. बिनपगारी रजेचे असे फायदे असतात. पंधरा मिनिटं वाळू तुडवत मी वर पोहोचलो आणि फडकं धरून उभा राहिलो.

इंजिन चालू झालं. तो आवाज कानांना नाही, आधी गुडघ्यांना कळला. खाली राशिदनं कहाव्याचा पेला गालिच्यावर ठेवला. गाडी निघाली. पहिला टप्पा, दुसरा, मागं वाळूचा लाल पिसारा. सालेमनं पाय पुरता दाबला असणार, कारण आवाज एकदम दुप्पट झाला आणि ती पिकअप टेकडीच्या छातीवर सरळ चढत आली. सुंदर दिसत होती. पन्नास पावलं राहिली. आता सालेम पाय उचलणार, आवाज उतरणार, गाडी वेग टाकत माझ्यापाशी थांबणार, असं ठरलं होतं.

आवाज उतरला नाही.

मला काचेतून सालेमचा चेहरा दिसला. तोंड उघडं. आणि दोन्ही गुडघे छातीशी, पायाखाली उंदीर दिसल्यावर माणूस घेतो तसे. पाय पेडलवर नव्हताच आणि इंजिन बेभान ओरडत होतं. तीस पावलं. वीस. मी शूरपणे उभा राहिलो असं लिहायचा मोह होतो आहे, पण खरं असं की माझे पाय घोट्यापर्यंत वाळूत होते आणि ते निघेनात. शेजारी बसलेल्या मामांचा चेहरा मात्र शांत होता. ते समोर बघत नव्हते. मान कलती करून ऐकत होते. त्यांनी लगेच खटका पाडला नाही. लवकर पाडला असता तर गाडी उतारावर थांबून उलटी घसरली असती. गाडीचं तोंड धारेला लागेपर्यंत ते थांबले.

खट्.

सगळा आवाज गेला. गाडी तिच्या वजनानं वाळू खरडत पुढं आली, माझ्या डाव्या हाताला धार आत वळते तिथं पुढचं एक चाक पलीकडे हवेत गेलं, आणि ती थांबली. बंपर माझ्या गुडघ्यापासून एक वीत. फडकं कुठं पडलं होतं कोण जाणे.

मी त्याच महिन्यात गाशा गुंडाळून पुण्याला परतलो, त्यामुळे तांडेलमामांचं मला घडलेलं शेवटचं नीट दर्शन त्या माथ्यावरचंच. शेड राहिली, हे आताच सांगून टाकतो. तुमचा जीव उगाच टांगून ठेवून मला काय मिळणार? कशी राहिली ते मात्र ऐका; राशिदला ते आजवर कळलेलं नाही.

मामा खाली उतरले. घाई नाही. बोनेट हळूच उचललं. कार्बोरेटरच्या बाजूला अॅक्सिलरेटरची तार जिथं एका पट्टीला जोडलेली असते, त्या पट्टीच्या मागच्या बेचक्यात दोन बोटं घातली आणि काहीतरी ओढून काढलं. रात्रभर सुकलेला, उष्णतेनं भाजून तांबूस झालेला, एका बाजूला तेलाचा डाग. पेडल पुरतं दाबलं गेलं तेव्हा तो पट्टीमागं घसरला होता आणि पट्टीला परत येऊ देत नव्हता.

"अकरा," मामा म्हणाले.

सालेम दाराला धरून उतरला. त्यानं मामांच्या तळहातावरचा गोळा बघितला. खालून भावांचा जल्लोष ऐकू येत होता आणि त्यांची गाडी बाजूच्या सोप्या वाटेनं वर यायला निघाली होती. त्यांना वाटलं होतं, सालेमनं ऐन धारेवर मुद्दाम गाडी रोखून दाखवली.

"बड़े अरबाब को हम बोलेगा," राशिदच्या गाडीकडे बघत मामा म्हणाले. "गलती हुआ."

"उस्ताद, बोनेट मैंने मारा था," सालेम म्हणाला.

"बोनेट आपका. आटा हमारा. गिनके डाला, गिनके नहीं निकाला, फिर भी गाड़ी दिया." आणि ते गोळा तळहातावर तसाच धरून, हात पुढं करून उभे राहिले. शिक्षा घ्यायला उभ्या असलेल्या शाळकरी पोरासारखे, छप्पन्न वर्षांचे, चष्म्यावर लाल वाळू. 'मामा, मूठ मिटा,' असं मला ओरडावंसं वाटत होतं. राशिदची गाडी शेवटच्या वळणावर दिसली. काही मोडलं-बिघडलं नाही तर, अशी अट होती.

सालेमनं गाडीकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं, पुन्हा गाडीकडे. आणि मामांच्या हातावरून तो गोळा उचलून तोंडात टाकला.

राशिद उतरला तो हात पसरूनच. बोनेटवर थाप मारली, सालेमला छातीशी धरलं, म्हणाला, "खलास! शेड तुझी!" मग जरा मागं सरून, गाडी कशी उभी आहे ते बघत त्यानं कपाळाला आठी घातली आणि अरबीत सालेमला काहीतरी विचारलं. सालेमचा गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी, जबडा कराकरा चालू. उत्तर येईना. तेव्हा राशिद मामांकडे वळला. "उस्ताद, इंजन एकदम क्यों बंद किया? कुछ ख़राब हुआ क्या?"

मामा ताठ उभे राहिले. चष्मा नीट केला. मी डोळे मिटून घेतले, कारण हा माणूस आता काय बोलणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बड़े अरबाब," मामा म्हणाले, "हम झूठ नहीं बोलेगा. वो इंजिन में—"

आणि तेवढ्यात सालेमच्या घशाखाली तो गोळा एकदाचा उतरला, आणि तो सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असा ओरडला,

"उस्ताद! नमक कम है!"